रस्त्यात सांगते

वणीच्या त्या गल्लीत सलील आणि गुंजन यांचं भांडण कधी कोणाच्या कानावर आलं नव्हतं. शेजारचे म्हणायचे, काय गुणी जोडपं आहे, लग्नाला आठ वर्षं झाली पण घरातून चढा आवाज म्हणून नाही. खरी गोष्ट वेगळी होती. ही दोघं चांगली कडाकडा भांडायची, एकमेकांची उणीदुणी काढायची, खदाखदा हसायची, आणि एकदा तर दोघंही रडली होती. फक्त हे सगळं वणी आणि मुकुटबन यांच्या मधल्या तीस-बत्तीस किलोमीटरांत व्हायचं आणि तिथंच संपायचं.

सलील मुकुटबनच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होता. कापसाच्या गाड्यांचं वजन लिहायचं, पावत्या फाडायच्या, शेतकऱ्यांचे टोमणे ऐकायचे आणि मालकाचेही. गुंजन त्याच गावात शाळेत शिकवायची. सकाळी नऊला दोघं एकाच मोटरसायकलवर निघत आणि सहाच्या सुमाराला एकाच मोटरसायकलवर परत येत. या जाण्या-येण्याला तिकडे अपडाउन म्हणतात. लोक अपडाउनला कंटाळतात, कंबर धरली म्हणतात, बदलीसाठी पुढाऱ्यांचे उंबरठे झिजवतात. या दोघांना मात्र त्यात काही म्हणजे काही तक्रार नव्हती.

कारण घरात बोलायला जागाच नव्हती. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत सलीलचे वडील नरहरराव आणि आई पद्मजाबाई. आतल्या खोलीत ही दोघं आणि मध्ये सहा वर्षांची स्पृहा. दोन खोल्यांच्या मध्ये दार नाही, पडदा. नरहरराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. माणूस सरळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण कान असे तिखट की रात्री कोणी कूस बदलली तरी ‘झोप नाही काय?’ म्हणून विचारायचे. आणि भिंती असत्या तरी काय झालं असतं? त्या घरात पाऊल टाकलं की सलील मुलगा व्हायचा आणि गुंजन सून व्हायची. नवरा-बायको बाहेरच राहायची.

गाडीवर तसं नव्हतं. गावाबाहेर नाल्याचा पूल होता. पुलापर्यंत घरचं सगळं बोलून घ्यायचं, दूध, गॅस, आईंचे गुडघे. पूल ओलांडला की घराचं नाव काढायचं नाही, असा गुंजनने नियम घातला होता. पूल ओलांडला की ती त्याला ‘तुम्ही’ म्हणणंही सोडायची. सरळ ‘तू’. सलीलला ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कानामागे गुदगुल्या झाल्या होत्या, आणि खोटं कशाला बोला, आठ वर्षांनीही होत होत्या. सलील तसा मुखदुर्बळ माणूस. समोरासमोर कोणाच्या डोळ्यांत पाहून त्याला बोलता येत नसे. पण समोर रस्ता असला, हातात हँडल असलं आणि कानाशी गुंजन असली की त्याची जीभ सुटायची. मग तो तिला नववीत नापास झाल्याचंसुद्धा सांगून बसला होता, जे घरात अजून कोणाला माहीत नव्हतं.

एकदा वाटेतल्या कायर गावाच्या अलीकडे दोघांचं असं वाजलं की गुंजन गाडीवरून उतरली आणि तरातरा पायी निघाली. सलील पहिल्या गियरमध्ये तिच्या बाजूने गाडी चालवत राहिला.

“बाई, मुकुटबनले जाऊन राह्यलो. बसता काय?”

“ओळखीशिवाय कोणाच्या गाडीवर बसत नाही मी.”

“ओळख करून घ्या मंग. एक पोरगी आहे मले.”

ती हसली आणि बसली. भांडण कशावरून होतं ते पुढे दोघांनाही आठवलं नाही.

यातूनच त्यांना एक सवय लागली होती. घरात काही मनातलं आलं, कोणी काही लागेलसं बोललं, काही विचारायचं झालं, की गुंजन पोळी लाटता लाटता हळूच म्हणायची, “रस्त्यात सांगते.” की झालं. मग ती गोष्ट रात्रभर तशीच झाकून ठेवायची आणि सकाळी पुलापलीकडे उघडायची. सवय चांगली होती. इतकी चांगली की रस्ता नसला तर काय करायचं, याचा विचार दोघांनी कधी केला नाही.

तो दोन हजार बारा सालचा उन्हाळा. कापसाचं आधीच नाव घेण्यासारखं राहिलं नव्हतं. आदल्या वर्षी चढलेला भाव धाडकन उतरला होता, शेतकरी कापूस घरात दाबून बसले होते, आणि जिनिंगच्या आवारात गाड्यांची रांग लागायची तिथे कुत्री झोपायला लागली होती. मालकाने सीझन संपताच सलीलला अर्ध्या पगारावर आणलं. आणि मेच्या शेवटी पेट्रोल एका झटक्यात सात-साडेसात रुपयांनी चढलं. टीव्हीवर दोन दिवस आरडाओरडा झाला, पंपावर रांगा लागल्या, मग सगळे गप्प झाले. शाळेला सुट्टी होती म्हणून सलील एकटाच गाडीवर जायचा, पूल ओलांडायचा आणि सव्वीस जून किती लांब आहे ते मोजायचा. विदर्भातल्या शाळा सव्वीस जूनला उघडतात, आणि त्या तारखेची इतकी वाट शाळेतल्या पोरांनीसुद्धा कधी पाहिली नसेल.

शाळा उघडली. चार दिवस दोघं गाडीवर गेली, आली. सगळ्या सुट्टीचं साठलेलं बोलायला चार दिवस पुरतात होय? रविवारी दुपारी गुंजन सासूबरोबर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. सलील पाणी प्यायला आत आला. पद्मजाबाई शेंगांचं देठ टाकायला मोरीकडे गेल्या तेवढ्यात ती म्हणाली,

“एक मोठी गोष्ट आहे. उद्या रस्त्यात सांगते.”

“चांगली का वाईट?”

“थे तुह्यावर आहे,” ती म्हणाली. घरात ‘तुह्यावर’ म्हणाली. मग स्वतःच दचकली आणि शेंगा मोडायला लागली.

त्याच संध्याकाळी नरहररावांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर त्यांनी सगळं मांडलं होतं, कचेरीत मांडायचे तसं, समास सोडून.

“पेट्रोल असं चढून राह्यलं. सलीलचा पगार अर्धा. दिवाळीपर्यंत असंच राहणार आहे,” ते म्हणाले. “मी असं म्हणतो, गुंजननं एसटीचा पास काढावा. वीस दिवसाचे पैसे भराचे अन् तीस दिवस जाचं. सरकारच देऊन राह्यलं तं आपण काहून सोडाचं? अन् सलील, तू त्या बाबुलालसंग जात जा. एक हप्ता तुही गाडी, एक हप्ता त्याची.”

बाबुलाल जिनिंगमधला फिटर. तोही वणीतच राहायचा आणि तोही एकटाच गाडी पिटाळत यायचा. हिशेब इतका बिनचूक होता की सलीलला त्याचा रागच आला. चूक असती तर काढता तरी आली असती.

“पण बाबा... सोबत जाणं होत होतं नं,” तो कसाबसा म्हणाला.

नरहररावांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. “सोबत? अरे, एका घरात राहता. चोवीस तास सोबतच आहा.”

बापासमोर बसून, पोरगी मांडीवर असताना, ‘मला माझ्या बायकोशी बोलायचं असतं’ असं म्हणायचं? त्या घरात असं वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं आणि ते उच्चारायला सलीलकडे तोंड नव्हतं. त्याने गुंजनकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “बरं बाबा,” ती म्हणाली, आणि सोमवारपासून रस्ता गेला.

तिला स्टँडवर सोडायला नरहरराव स्वतः जायचे, स्पृहाला शाळेत पोचवता पोचवता. सुनेची पिशवीही तेच धरायचे. माणूस प्रेमळच होता, पण अशा प्रेमळ माणसाचं करायचं काय, हे सलीलला समजेना.

त्या पहिल्याच रात्री त्याने स्पृहाच्या डोक्यावरून हळूच विचारलं, “काय सांगणार होतीस?”

“इथं नाही.”

“एवढं काय आहे?”

“इथं बोलाचं असतं तं इथंच बोलली असती.” पडद्यापलीकडे नरहरराव खोकले. गुंजनने स्पृहाच्या अंगावरची चादर नीट केली आणि कूस बदलली.

मग त्याच्या डोक्यात भुंगा शिरला. मोठी गोष्ट म्हणजे काय? तिला काही दुखणं तर नाही? माहेरी काही झालं? कोणी काही बोललं तिला शाळेत? ‘थे तुह्यावर आहे’ म्हणजे काय? चांगलं की वाईट हे माझ्यावर कसं असेल? त्याने एकदा जिनिंगमधून फोन केला. इकडे लोहाराचा हातोडा चाललेला, तिकडे शिक्षकांच्या खोलीत चार बाया बसलेल्या. “हाव. हाव. घरी बोलू,” गुंजन म्हणाली आणि फोन ठेवला. घरी बोलू! सलील त्या दिवशी कोणावर तरी डाफरायचं म्हणून चहावाल्यावर डाफरला.

रविवारी त्याने धीर करून म्हटलं, “जरा चक्कर मारून येतो आम्ही दोघं.” नरहरराव म्हणाले, “कुठं? कायले?” पद्मजाबाई म्हणाल्या, “जाऊ द्या नं.” स्पृहा म्हणाली, “मी पण!” आणि ती टाकीवर चढून बसलीसुद्धा. तिघं बाजारात जाऊन दीड किलो वांगी घेऊन आली.

रोज सकाळी तोच रस्ता, तीच वेळ. बाबुलाल भला माणूस होता, पण बोलायला लागला की गावच्या पोलीस पाटलापासून स्वतःच्या मुतखड्यापर्यंत काही सोडत नसे. त्याच्या गाडीचा आठवडा असला की सलील मागे बसायचा आणि वळून वळून पाहायचा. कायरच्या आसपास मागून एसटी यायची आणि त्यांना मागे टाकून जायची. डावीकडची तिसरी खिडकी. कधी गुंजनचा अंबाडा दिसायचा, कधी कपाळ काचेला टेकवून झोपलेली गुंजन दिसायची. एकदा तिने खिडकीतून बोटं बाहेर काढून हलवली आणि सलील दिवसभर त्या चार बोटांवर जगला. माणसाला परदेशी गेलेल्या माणसाची आठवण येते, मेलेल्याची येते. जिच्या हातचं रोज जेवतो, जिच्या शेजारी रोज झोपतो, तिची अशी आठवण यावी, हे कोणाला सांगायचं? सांगितलं तर हसतील. म्हणून त्याने कोणालाच सांगितलं नाही.

आणि वर त्याला हेवाही वाटायला लागला. एसटीत गुंजनला मैत्रिणी मिळाल्या होत्या. शिक्षिका, नर्सबाई, अंगणवाडीच्या बाया. रोज एकीने सगळ्यांसाठी खायला आणायचं असं त्यांचं चाललं होतं. एकदा एसटी पुढे जाताना त्याने तिला मान मागे टाकून हसताना पाहिलं. ते हसणं त्याच्या ओळखीचं होतं, पुलाच्या पलीकडचं होतं. ते दुसऱ्या कोणासाठी चाललेलं पाहून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

पोळ्याच्या आधी बाबुलाल दोन दिवस गावी गेला. सलीलने डोकं चालवलं. सकाळी बापाला म्हणाला, “एकट्यासाठी पेट्रोल कायले जाळाचं, बाबा? मी एसटीनंच जातो.” नरहररावांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जणू मुलगा पहिल्या वर्गात पास झाला. सलीलला मनातून शरम वाटली, पण तो गेला.

एसटीत चढताच बायांनी गलका केला. “गुंजन, तुहे मिस्टर!” “बसा जी भाऊजी, बसा!” शेजारची उठली, दुसरी सरकली, आणि सलीलला त्याच्याच बायकोशेजारी असं बसवलं की जणू आजच लग्न लागलं. सगळ्या माना वळवून पाहायला लागल्या. मागच्या सीटवर नरहररावांच्या कचेरीतले जुने तलाठी बसले होते, त्यांनी “बाबा बरे आहेत?” विचारलं आणि कान तिथेच ठेवून दिला.

पूल गेला. सलील ओठ न हलवता म्हणाला, “सांग आता.”

“इथं नको.”

“मंग कुठं?”

गुंजनने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की झोप होती ते त्याला कळलं नाही. मग ती खिडकीबाहेर पाहायला लागली. बायकोच्या खांद्याला खांदा लावून, पूर्ण तिकीट काढून, सलील समोरच्या सीटवर कोणी खिळ्याने कोरलेली नावं वाचत मुकुटबनपर्यंत गेला. उतरताना ती एवढंच म्हणाली, “आता सोडा थे. त्याले काही अर्थ नाही राह्यला.”

ती शाळेकडे निघून गेली. जे काही होतं ते येऊन गेलं होतं, आणि तो तिथे नव्हता.

दिवाळी आली नि गेली. जिनिंग सुरू झालं, पगार पुरा झाला, पण पेट्रोल काही उतरलं नाही, आणि बसलेली घडी कोण मोडतो? पास सुरूच राहिला. मग नोव्हेंबरात एके दिवशी कापसाच्या भावासाठी रास्ता रोको झाला. वणीच्या अलीकडे शेतकऱ्यांनी रस्त्यावर बैलगाड्या आडव्या घातल्या, कापूस ओतला. एसट्या डेपोतच थांबल्या. जिनिंगमध्ये एक गाडी आली नाही, मालकाने तीन वाजताच कुलूप लावलं. तो सलीलच्या गाडीचा हप्ता होता. बाबुलालने डबा काखेत मारला.

“भाऊ, मी ट्रकमंदी येतो. मधून कच्च्या रस्त्यानं ट्रका चालू आहेत. तुमी वहिनीले घ्या.”

“अरे, तिघं कसेही—”

“नाही म्हणलं नं,” बाबुलाल म्हणाला. “पाच महिन्यांपासून पाहून राह्यलो. माह्या पाठीमागं बसता अन् डोये एसटीकडं असते तुमचे. जा.”

गुंजन शाळेच्या फाटकाशी उभी होती, इतर बायांबरोबर, आता कसं जायचं या विचारात. गाडी पाहून तिचा चेहरा उजळला, हे सलीलने नीट पाहून घेतलं. पण ती बसली ती हातभर मागे. खांद्यावर हात ठेवायचा, त्याऐवजी तिने मागचं कॅरियर धरलं. पाच महिन्यांत बसायची सवय मोडली होती.

“चला,” ती म्हणाली. “बाबा काळजी करत असतील.”

“काय सांगणार होतीस जूनमंदी?” सलीलने गाडी सुरूच केली नव्हती.

“जुनं झालं थे.”

“जुनं तं जुनं. मले झोप नाही येत, गुंजन. खरं सांगतो.”

तिने मांडीवरची पिशवी सावरली. मग म्हणाली, “मुख्य रस्त्यानं नका घेऊ. शाळेमागून घ्या.”

ती अजून ‘तुम्ही’च म्हणत होती. सलीलने गाडी शाळेमागच्या गल्लीत घेतली. टोकाला एक घर होतं, किसनराव नावाच्या शेतकऱ्याचं. त्याच्या कडेला दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, सीताफळाचं झाड, आणि वेगळा नळ. दोरीवर लहान पोरांचे कपडे वाळत होते.

“या दोन खोल्या,” गुंजन म्हणाली. “आमच्या शाळेतल्या इंदुताई राहत होत्या इथं. जूनमंदी त्यांची बदली झाली पांढरकवड्याले. किसनराव म्हणाले, मास्तरीणबाईलेच देतो, पंधरा दिवस थांबतो. भाडं आपल्या महिन्याच्या पेट्रोलपेक्षा कमी होतं.”

सलील गाडीवरच बसून राहिला. त्याला अजून पुरतं कळलं नव्हतं, पण कळायला लागलं होतं.

“इथून शाळा दोन मिनिट. तुमचं जिनिंग दहा मिनिट, पायी. स्पृहाले माह्याच शाळेत टाकलं असतं. शनिवारी वणीले गेलो असतो आई-बाबांकडे. पेट्रोल लागलं नसतं, पास लागला नसता. संध्याकाळी पाच वाजता घरी राह्यलो असतो आपण. या पडवीत...” ती थांबली. “पडवीत बसून बोललो असतो, एवढंच मनात होतं. दुसरं काही नाही.”

“कोणी घेतल्या?”

“दवाखान्यातल्या कंपाउंडरनं. पंधरा दिवस मी रोज सकाळी उठली की वाटे, आज काहीतरी होईल अन् आपण गाडीनं जाऊ. सोळाव्या दिवशी त्यांचं सामान आलं.”

सलीलच्या डोळ्यांपुढे नरहररावांचं ते कॅलेंडरचं पान आलं, समास सोडून मांडलेलं. त्या पानावर सगळं होतं, ही एक ओळ नव्हती. पेट्रोल वाचवायला रस्ता बंद केला, आणि पेट्रोलच लागू नये अशी गोष्ट त्या बंद रस्त्यावर सांगायची राहून गेली. त्याला बापाचा राग आला, मग स्वतःचा आला, मग नुसतंच रडू आलं.

“काहून नाही बोलली घरात?” तो म्हणाला. “एक शब्द. रात्री कानात सांगितलं असतं तरी...”

“घरात विचारलं असतं तं तुम्ही काय म्हणलं असतं?”

“मी...”

“‘बाबाले विचारतो’ म्हणलं असतं. बाबा ‘नाही’ म्हणले नसते, नुसते गप्प बसले असते, अन् तुम्ही म्हणलं असतं, राहू दे, गुंजन.” तिच्या आवाजात राग नव्हता, ती नुसतं जे आहे ते सांगत होती. “रस्त्यात विचारलं असतं तं तुम्ही ‘हाव’ म्हणलं असतं. मले माहीत होतं. म्हणून रस्त्याची वाट पाह्यली.”

तिच्या बोलण्यात खोटं ठरवायला सलीलला काही सापडेना. आठ वर्षांत त्याला कोणी इतकं नेमकं ओळखलं नव्हतं, आणि ओळखलेलं इतकं लागलंही नव्हतं.

“आपण दुसऱ्या पाहू,” तो एकदम म्हणाला. “मुकुटबनमंदी काय या दोनच खोल्या आहेत? उद्या पाहतो. मालकाले सांगतो. मी हाव म्हणून राह्यलो, गुंजन. आत्ता.”

“आत्ता तुम्ही रस्त्यात आहा,” ती म्हणाली. “घरी जाऊन म्हणान काय?”

त्याने गाडी सुरू केली. मुख्य रस्ता बंद होता म्हणून शेतांमधून, नाल्यांच्या कडेने, खड्ड्यांतून जावं लागलं. बत्तीस किलोमीटरांचे चाळीस झाले असतील. दोन्ही बाजूंना वेचायला आलेला कापूस झाडांवर तसाच उभा होता. सलील मनात वाक्यं जुळवत होता आणि मोडत होता. बाबा असं म्हणाले तर तसं म्हणीन. आई रडली तर असं म्हणीन. लोक काय म्हणतील म्हणाले तर लोकांचं पेट्रोल लोकांनी भरावं म्हणीन. एका मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा गुंजनचा हात कॅरियर सोडून त्याच्या खांद्यावर आला. तो तिथेच राहिला.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. नरहरराव बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून स्पृहाची पाटी पाहत होते. पद्मजाबाईंनी पाणी आणलं. गुंजन हातपाय धुवायला आत गेली, आणि जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

“बरं झालं तुही गाडी होती आज,” नरहरराव म्हणाले. “लांबून यावं लागलं असेल. किती पेट्रोल गेलं?”

सलील दारातच उभा होता, किल्ली हातात. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवत नव्हतं.

“बाबा, आम्ही मुकुटबनले खोल्या पाहून राह्यलो,” तो म्हणाला. “तिकडंच राहतो म्हणतो.”

आत नळ वाहत होता तो बंद झाला. नरहररावांनी चष्मा काढला.

“कोणाच्या डोक्यात आलं हे?”

“माह्या.”

“जिनिंगमंदी काही झालं? कोणी काही बोललं?”

“नाही, बाबा. मले अन् गुंजनले बोलाले जागा नाही इथं. रस्त्यात होती, आता तिथंही नाही.” शेवटी त्याच्या तोंडून निघून गेलं. कान तापले, पण छत कोसळलं नाही.

पद्मजाबाई भांडं हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही, खाटेवरच्या स्पृहाकडे पाहिलं. “अन् हे?” त्या म्हणाल्या.

“आईच्याच शाळेत जाईल.”

“हो. बरोबर आहे. आईजवळच पाहिजे,” त्या म्हणाल्या, आणि भांडं घेऊन आत जायच्या ऐवजी तिथेच भिंतीला टेकून बसल्या.

नरहरराव बराच वेळ गप्प होते. गुंजनने सांगितलं होतं तसेच गप्प. सलीलच्या तोंडाशी ‘राहू द्या, बाबा’ आलं. आलं आणि त्याने ते दात दाबून आत ठेवलं. मग नरहररावांनी पाटीवरची पेन्सिल उचलली, स्पृहाच्या बाराखडीच्या खाली काही आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले.

“भाडं धरूनही वाचते,” ते हळू म्हणाले. “हे मले जूनमंदीच सुचाले पाहिजे होतं.” थोडं थांबून म्हणाले, “शनिवारी येसान नं?”

“येऊ, बाबा.”

“तिघंही?”

“तिघंही.”

“एसटीनं नको. एसटी उशिरा पोचते, अर्धा शनिवार तिथंच जाते.” ते पाटीकडेच पाहत होते. “गाडीनं या. शनिवारच्या पेट्रोलचे पैसे मी देत जाईन, माह्या पेन्शनीतून. भाव कितीही चढू दे. पण शनिवार चुकवाचा नाही.”

नकाराला द्यायची उत्तरं सलीलने चाळीस किलोमीटर जमवत आणली होती. ती आता लागणारच नव्हती. तो जाऊन बापाच्या शेजारी खाटेवर बसला.